देवाच्या दरबारात कोंबडा आणि माणूस एकाच पंगतीला बसतात का?

काजूबी
मंडळी, आमच्या ओटीवरचं भांडण इथे आणून टाकतेय. यंदाच्या राखणीला, म्हणजे राखणदार देवाच्या वार्षिक मानाला, कुठला कोंबडा द्यायचा यावर सासरे आणि दीर बोलत बसले होते. माझी लेक, बारावीत आहे, मध्येच म्हणाली, "आबा, तुम्ही रोज सांगता देवाला सगळे जीव सारखे. मग दर वर्षी कोंबडाच का?" आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "मगे तुका दिलंव तर सागोती कोण करतला?" सगळे हसले आणि विषय तिथेच बुडाला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

माझं मत आधीच सांगून टाकते. देवापुढे माणूस आणि जनावर सारखंच आहे असं मला वाटतं, आणि पुरावा आमच्याच भागातला आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: तीन-चार वर्षांनी एकदा श्री देव रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कुणीही मागे राहत नाही. आणि जनावरंही नाहीत. गुरं, शेरडं, कुत्री, मांजरं, खुराड्यातल्या कोंबड्या, सगळी बरोबर. माझं माहेर तिथलं. एका गावपळणीत आमची म्हातारी गाय चालेना. वडिलांनी टेम्पो बोलावून तिला चढवली, मग टेम्पोत जागाच उरली नाही म्हणून स्वतः डोक्यावर वळकटी घेऊन मागून चालत आले. देवाच्या हुकमातून गाय सुटत नाही, कोंबडी सुटत नाही, म्हणजे त्याने त्यांनाही गावकरीच धरलंय ना?

तुम्हाला काय वाटतं? कुठल्याही धर्मातलं चालेल. शाकाहार-मांसाहार दंगा मात्र नको, त्यासाठी वेगळे धागे पडलेत.

खाजणातला खेकडा
पहिला!
गावपळणीला कोंबड्या वेशीबाहेर जातात हे बरोबर. त्यातल्या परत किती येतात तेही सांगून टाका.

चाकरमानी दादरवाला
हसून हसून पुरेवाट. खेकडा, धागा पहिल्याच प्रतिसादात संपवलास.

काजूबी
माहीत होतं हे कुणीतरी बोलणारच. हो, राहुटीत कोंबडी-वडे होतात. तीन दिवस घरकाम नाही, नदीकाठी चूल, रात्री भजन आणि गजाली, माणसं सुटीसारखीच राहतात. पण माझा मुद्दा हुकमाचा आहे. ताटाचा नाही.

कातळसडा
चांगला विषय. आपल्याकडे यावर पहिलं बोट गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकाकडे जातं. विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक (म्हणजे अस्पृश्य ठरवलेला माणूस), या सगळ्यांकडे पंडित समदृष्टीने पाहतात. पण तिथे पाहण्याबद्दल बोललंय. वागवायचं कसं यावर अवाक्षर नाही. आत एकच तत्त्व आहे हे मान्य केल्यावरही हत्तीला हत्तीचं आणि कुत्र्याला कुत्र्याचं द्यावं लागतं, आणि भाष्यकारांनी नेमकी तीच फट धरून माणसामाणसांतली उतरंडही शाबूत ठेवली. म्हणजे श्लोक जनावराला वर काढतो म्हणावं, तर त्याच ओळीतल्या श्वपाकाला गावाबाहेर ठेवणारे लोक तो शतकानुशतकं रोज म्हणत होते.

दुसरी अडचण चौऱ्याऐंशी लक्ष योनींची. इतके फेरे मारून नरदेह मिळतो, तो दुर्लभ, तो वाया घालवू नका, असं सगळेच कीर्तनकार सांगतात. सगळे जीव सारखे असतील तर माणसाचा जन्म बक्षीस कसा काय ठरतो?

संत मात्र या भानगडीत पडलेच नाहीत. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली. काजूबी, तुमचा रामेश्वर आचऱ्याचा, तो सेतुबंधाचा, पण देव एकच.

माई ओटीवरली
बाये, आबांनी बोललो ता खोटा नाय. राखणदाराक आपण काय सांगतंव? घराची, शेताची, पोराबाळांची राखण कर. आणि बदल्यात कोंबो. एक जीव दिवन धा जीव राखूचे. ह्यो सवदो आसा. दोनय बाजूक सारख्याच मोलाचा असता तर सवदो करतलो कोण?

पण आमची आजी काय करी ता सांगतंय. कोंब्याच्या पायांर पाणी घाली, डोक्यार तांदूळ टाकी आणि हात जोडून उभी रवी. कोंब्यान आंग झाडल्यान काय तो 'होय' म्हणालो. झाडीपर्यंत सुरी लावूक दी नाय. एकदा एक कोंबो काय केल्या आंग झाडी ना. आजोबा कंटाळलो. आजयेन त्येका सोडून दिल्यान, दुसरो हाडलो. तो पयलो मगे म्हातारो होऊन मेलो, आणि वाडीत त्येका सगळी 'देवाचो' म्हणत.

नास्तिक नारळ
माई, किस्सा झकास. पण पाणी ओतल्यावर कुणीही अंग झाडेल. मीसुद्धा.

माझं म्हणणं थोडक्यात. देव नाही, त्यामुळे देवापुढे किंमत सारखी की वेगळी हा प्रश्न माझ्यापुरता निकालात. पण काजूबींचा पुरावा देव मानूनही लंगडा पडतो. गावपळणीचा कौल माणसं लावतात, निर्णय मानकरी सांगतात, आणि गाय टेम्पोत घातली जाते. तिला कुणी विचारलं? बरोबर फरफटत नेणं म्हणजे बरोबरीचं मानणं नव्हे.

काजूबी
फरफट माणसांचीही होते हो. आमच्या आजीला अंथरुणासकट खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेली होती, आणि ती वाटभर सगळ्यांच्या नावाने शिव्या घालत होती. तिला तरी कुणी विचारलं? लहान पोरांना विचारतात? कौल लावताना अर्ध्याहून जास्त गावाला कुणी विचारत नाही. त्या निकषाने गाय आणि आजी एकाच रांगेत आल्या, माझंच म्हणणं सिद्ध झालं.

खाजणातला खेकडा
आजीने हे वाचू नये अशी रामेश्वरचरणी प्रार्थना.

वसईची सुकेळी
आम्ही उत्तर कोकणातले, ख्रिस्ती. गावपळणीचं वाचलं आणि मला थेट निनवे शहर आठवलं.

बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. योना निनवेत जाऊन सांगतो, चाळीस दिवसांत तुमचं शहर उलथणार. राजा घाबरतो आणि फर्मान काढतो की माणसांनी तर अन्नपाणी घ्यायचं नाहीच, गुराढोरांनीही घ्यायचं नाही. माणसांना गोणपाट, जनावरांनाही गोणपाट. देव शहर वाचवतो. त्यावर योना रुसून बसतो. तेव्हा देव त्याला विचारतो, ज्या शहरात उजव्या-डाव्या हाताचा फरक न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्याची मी कीव करू नये काय? पुस्तक तिथेच संपतं. शेवटचा शब्द गुरांना मिळालाय. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठा मासा आणि त्याच्या पोटातला योना एवढंच शिकवलं, ही गुरं मला फार उशिरा सापडली.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. येशू म्हणतो, दोन चिमण्या एका पैशाला विकल्या जातात, तरी पित्याच्या इच्छेवाचून त्यातली एकही जमिनीवर पडत नाही. आणि लगेच पुढे म्हणतो, भिऊ नका, पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुम्ही मोलवान आहात. म्हणजे चिमणीही मोजलेली आहे, पण माणूस वरचढ. माझ्या धर्मात उत्तर असंच आहे, लक्ष दोघांवर, किंमत वेगळी. मला स्वतःला ते पूर्ण पटतं असं नाही, पण लपवून काय करू?

काजूबी
सुकेळी, हे अजिबात माहीत नव्हतं. पण त्या गुरांनी काय पाप केलं होतं म्हणून त्यांना उपास?

वसईची सुकेळी
काहीच नाही. पाप राजाचं आणि रयतेचं. तरी कीव करताना देवाने त्यांना वगळलं नाही, एवढंच मला दिसतं.

बागायतदार देवगड
तुम्हा सगळ्यांचं छान चाललंय. आता माझ्या बागेत या.

कलमांवर कैरी सुपारीएवढी झाली की वानरांची टोळी येते. खातात थोडं, चावा घेऊन टाकतात जास्त. नारळाची शहाळी, फणसाच्या कुयऱ्या, परड्यातली भाजी, काही ठेवत नाहीत. कौलं फुटतात ती वेगळीच. फटाके झाले, राखण्याला पगार देऊन झाला, कुत्री पाळून झाली. वर दर शनिवारी मारुतीला तेल वाहून येतो. गाभाऱ्यात हात जोडायचे आणि बागेत गलोल ताणायची, हे माझं समदर्शन.

माझा मेव्हणा दोडामार्गात आहे. तिकडे २००२ पासून कर्नाटकातून रानटी हत्ती येतायत. एका रात्रीत केळीची अख्खी बाग झोपते. घरात गणपती, बागेत गणपती. तो म्हणतो, घरातला दीड दिवसांत जातो, बागेतला जायचं नाव घेत नाही.

देवापुढे सारखे असतील तर असू देत, माझी तक्रार नाही. पण बागेचा खर्च देवाच्या खात्यावर टाकता येतो का तेवढं सांगा.

चाकरमानी दादरवाला
दीड दिवसाचा गणपती +१
अवांतर: यंदा पेटी काय भाव?

बागायतदार देवगड
वानरांना विचारा.

कातळसडा
बागायतदार, तुमची तक्रार खरी आहे. पण गलोल मारताना तुम्ही मारुतीची क्षमा मागता का? मागत असाल तर तुमच्या मनात कुठेतरी तो बरोबरीचा आहे. ढेकणाची कुणी क्षमा मागत नाही.

बागायतदार देवगड
मागतो कधीकधी. नेम लागला तर.

दाभोळखाडी
उशिरा आलो. आम्ही कोकणी मुसलमान, त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न दर बकरीदला येतो, आणि काजूबींच्या लेकीसारखी पोरं आमच्याकडेही आहेत.

कुरआनात एक आयत आहे, की जमिनीवर चालणारं प्रत्येक जनावर आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी या तुमच्यासारख्याच उम्मती, म्हणजे समाज, आहेत. आणि कुर्बानीबद्दल स्पष्ट म्हटलंय, त्यांचं मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तुमचा तक्वा, म्हणजे मनातली देवभीरू निष्ठा, पोहोचतो. म्हणून माईंच्या आजीचं वाचून मला आमचे आजोबा आठवले. बकऱ्यासमोर सुरीला धार लावू द्यायचे नाहीत. एका बकऱ्यादेखत दुसरा नाही. आधी पाणी पाजायचं. हे त्यांचं वैयक्तिक नव्हे, शिकवणच तशी आहे. आजोबा बकरा महिनाभर आधी आणायचे आणि आम्हा पोरांकडे द्यायचे चारायला, जीव लावायला. मग आम्ही रडायचो. ते म्हणायचे, रडायला आलं नाही तर दिलं काय?

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, एका माणसाची गोष्ट आहे. तो विहिरीत उतरून स्वतःच्या मोज्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर येतो आणि तहानलेल्या कुत्र्याला पाजतो. त्याचे गुनाह माफ होतात. कातळसडांनी एकनाथांचं गाढव सांगितलं, त्याच्या शेजारी हा कुत्रा बसवा.

बरोबरीचं म्हणाल तर आमच्याकडे माणूस वरचा, पण वरचा म्हणून जबाबदार. कयामतच्या दिवशी जनावरांमध्येही न्याय होईल असं आहे. शिंगवाल्या बकरीने बिनशिंगाच्या बकरीला मारलं असेल तर तिचा बदला तिला मिळेल. तेवढा हिशेब झाला की जनावरं सुटली. माणसाचा हिशेब मात्र तिथून सुरू होतो.

नास्तिक नारळ
दाभोळखाडी, रडायला आलं नाही तर दिलं काय, हे वाक्य भारी आहे. देव नसला तरी चालेल असं.

पण बघा, राखण असो, कुर्बानी असो, रडतो माणूस आणि मरतो बकरा. त्यागाचं श्रेय कुणाच्या खात्यावर जमा होतं?

माई ओटीवरली
झिला, आरवलीच्या वेतोबाक बघ जा. एवढो मोठो देव, भुतांचो राजा. तेका केळ्यांचे घड आणि चामड्याची मोठी व्हाणां. कोंबो लागना नाय. सगळेच देव तिखटाचे नसतत.

खाजणातला खेकडा
माई, व्हाणां चामड्याची म्हणालात. चामडं कुणाचं?

माई ओटीवरली
मेल्या, तू खेकडोच रे.

हर्णैचा नाखवा
दोन दिवस वाचतोय. कोंबडा झाला, गाय झाली, वानर, हत्ती, बकरा, गाढव, कुत्रा, चिमणी. सगळे कोकणातले बसलेत आणि मासळीचं नाव कुणी काढलं नाही. योनाचा मासा तेवढा आला, तोही माणूस गिळला म्हणून.

मी मासेमारीतला. एका ओढीला बांगडा येतो तो टोपल्यांनी मोजतात. डेकवर पडला की थोडा वेळ तडफडतो, खवल्यांवर हिरवी-निळी झाक असते ती डोळ्यांदेखत उतरते, मग बर्फ. त्याच्या तोंडात पाणी घालत नाही, हात जोडत नाही, रडत तर नाहीच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो, तो दर्याला. माशाला नव्हे.

त्याच जाळ्यात कासव आलं तर माझे वडील काय करायचे? पाठीवर पाणी ओतून हळद-कुंकू लावायचे, कूर्मावतार म्हणून. जाळं कापावं लागलं तरी कापायचे, आणि तेव्हा भरपाई नव्हती. २०१८च्या डिसेंबरपासून शासन संरक्षित प्राणी सोडताना जाळं गेलं तर पंचवीस हजारांपर्यंत देतं, फोटो-व्हिडिओ दाखवायचा. वडिलांना कुणी पाच पैसे दिले नाहीत. पण हेही सांगतो, किनाऱ्यावर कासवाची अंडी सापडली तर लोक ती उकरून खायचे, विकायचे. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र मंडळींनी घरटी राखायला सुरुवात केली तोपर्यंत सर्रास चालायचं. कासव देव आणि अंडं न्याहारी. आता तीच पोरं रात्री बॅटरी घेऊन पाऊलखुणा शोधतात, अंडी जाळीच्या कुंपणात पुरतात आणि पिल्लं पाण्याला लागेपर्यंत पर्यटकांवर ओरडतात.

मला यातून एवढंच दिसतं की बांगडा आणि कासव यांच्यात फरक आपण केलाय. एकाला अवताराचं नाव मिळालं, दुसऱ्याला तिखला, म्हणजे तिखट कालवण. देवाने कुणाची काय किंमत लावली हे विचारायच्या आधी आपल्या यादीत कोण कुठे आहे ते बघा.

चाकरमानी दादरवाला
तिखला म्हटल्यावर धाग्यावरून लक्ष उडालं. त्रिफळं घालून, ना?

हर्णैचा नाखवा
त्रिफळं घालूनच. शिळा जास्त चांगला.

कातळसडा
नाखवा, प्रतिसाद आवडला. माशाचं देवस्थानही आहे कोकणात. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड, वरदायिनी देवीचा डोह. त्यातले महासीर मासे देवीचे मानतात, कुणी गळ टाकत नाही. कुरमुरे टाकले की पाणी काळं होतं इतके वर येतात. देवरुखजवळ मार्लेश्वराच्या गुहेत साप असतात, लोक त्यांच्यादेखत दर्शन घेतात.

हर्णैचा नाखवा
बघून आलोय वाळण कोंड. तिथे उभं राहून एकच विचार आला, पुरात एखादा मासा डोहाबाहेर वाहून गेला की तो देवीचा राहतो की आमचा होतो?

गुरांचा डॉक्टर
पशुवैद्यक आहे, दक्षिण कोकणात नोकरी झाली. देवापुढची किंमत माझ्या अभ्यासक्रमात नव्हती, गोठ्यातली रोज बघतो.

पाडव्याला बैलाला आंघोळ, शिंगांना रंग, गळ्यात झेंडू. पॉवर टिलर आला आणि तोच बैल पावसाळ्यात महामार्गावर बसलेला सापडतो, कारण डांबर कोरडं आणि ऊबदार असतं. रात्री ट्रक येतो. सकाळी मला फोन येतो. गळ्यात रेडियमचे पट्टे बांधायचे कार्यक्रम मी केलेत. पट्टा बांधताना मालक कोण विचारलं की सगळा गाव आभाळाकडे बघतो.

बागायतदारांसाठी एक गोष्ट. २०१६ मध्ये दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण सापडले. गोचिडीतून पसरतो. रानात आधी माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात, मग काजूच्या बागेत पाचोळा गोळा करणाऱ्या माणसाला ताप येतो. तेव्हा आम्ही घरोघर सांगत फिरत होतो, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लगेच कळवा. आधी जे लोक 'एक तरी मारून दाखवा' म्हणायचे तेच एकेका मेलेल्या माकडासाठी घाबरून फोन करू लागले. ती माकडं आमच्या आधी मरून आम्हाला खबर देत होती. त्यांना काय मोल द्यायचं हे कीर्तनकारांनी सांगावं.

बागायतदार देवगड
डॉक्टर, हे वाचून गप्प बसलो. गलोल मात्र ठेवणार.

काजूबी
मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण लेक आता सगळे प्रतिसाद वाचतेय आणि नाखव्यांच्या बाजूने झालीय.

सगळं वाचून माझं मत फारसं हललं नाही. माईंचा सौदा, सुकेळींची चिमणी, दाभोळखाडींचा बकरा, प्रत्येक ठिकाणी जनावर देवाच्या वहीत लिहिलेलं आहेच. कमीजास्त आकडा नंतर कुणी लिहिला यावर माझा संशय आहे. बहुतेक ज्याच्या हातात लेखणी होती त्यानेच. आचऱ्याला तरी निघताना गाय मोजतात आणि परतताना पण मोजतात.

नास्तिक नारळ
मालक मोजतो हो, देव नाही.

काजूबी
मोजू दे की कुणीतरी.

हर्णैचा नाखवा
दाभोळखाडी, एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या बिनशिंगाच्या बकरीच्या न्यायाने, बांगडा आयुष्यभर सुरमईच्या पुढे पळतो आणि शेवटी माझ्या जाळ्यात येतो. त्याचा हिशेब कुणाकडे मागणार, सुरमईकडे की माझ्याकडे?

दाभोळखाडी
दोघांकडे. सुरमईला लवकर सोडतील. तुम्हाला बसवून ठेवतील, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती बारीक होता आणि बंदीच्या दोन महिन्यांत बोट कुठे होती ते विचारत.

हर्णैचा नाखवा
जून-जुलैला बोट शाकारलेली होती, साक्षीदार आहेत. आसाबद्दल वकील बघतो.

खाजणातला खेकडा
म्हणजे सुरमई मुळातच गुन्हेगार. तिला खाल्लं तर पाप निम्मं. आज बाजारात काय भाव आहे कुणी सांगेल का?